ढेपे सरांसाठी गावभरचे राऊटर

"सर गेले! अगं महानंदे, सर गेले!"

तबस्सुमची आरोळी ऐकली आणि मंडपात चहा वाटत फिरणाऱ्या गोदाक्कांनी किटली खाली ठेवून कपाळावर हात मारून घेतला. मागे बसलेल्या दोन बायकांनी तर डोळ्यांना पदर लावले.

"अहो, तसे नाही गेले!" मी ओरडले. "टीव्हीवरून गेले!"

"मग तसं नीट बोलावं की!" गोदाक्का तबस्सुमवर खेकसल्या. "काळजाचं पाणी केलं पोरीनं."

मी लॅपटॉपकडे धावले. आमच्या शाळेच्या मैदानावर जिल्ह्याच्या मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना नुकता सुरू झाला होता. मंडपातल्या मोठ्या टीव्हीवर आत्ता आत्तापर्यंत ढेपे सरांचा चेहरा होता. सोलापूरच्या दवाखान्यातला पलंग, वर टांगलेला पाय आणि आधीच तापलेला आवाज. आता तिथे फक्त एक गोल गरगर फिरत होता.

सर आमचे खो-खोचे गुरुजी. सामन्यासाठी मैदानावर पाणी मारायला गेले आणि स्वतःच केलेल्या चिखलात घसरून मांडीचं हाड मोडून बसले. एरवी कोणी प्रशिक्षक असा आडवा झाला असता तर संघानं दोन दिवस हळहळ करून खेळायला सुरुवात केली असती. आमचं तसं नव्हतं. सर रेषेबाहेर उभे राहून एकेक खो ओरडून द्यायचे. "मुक्ते, ऊठ! शिवकन्ये, वळव तिला! तबस्सुम, झोपलीस का?" पोरी पळायच्या स्वतःच्या पायांनी, पण डोकं सरांचं. गावात म्हणायचे, ढेपे सरांचा घसा बसला की संघ बसतो.

म्हणून तर कर्णधार शिवकन्या दोन दिवस आधी माझ्याकडे येऊन हटून बसली होती. "नंदाताई, सर दिसणार नसतील तर मी मैदानात उतरतच न्हाई. हे माझं बारावीचं वर्ष हाय. ह्या बारीला राज्याला न्हाई गेलो तर परत न्हाई."

"दिसतील," मी म्हणाले होते. "माझी जबाबदारी."

मी तेव्हा डिप्लोमा करून नुकती गावात परतले होते आणि ग्रामपंचायतीचं इंटरनेट सांभाळत होते. त्याआधी तीन वर्षं मी सरांच्या संघात होते. बाराव्या नंबरची खेळाडू होते, म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरणारी. सरांनी मला कधी म्हणून मैदानात उतरवलं नाही. त्यामुळे आता सरांना मैदानात मीच उतरवणार, या विचारानं मला दोन दिवस नीट जेवण गेलं नव्हतं, इतका आनंद झाला होता.

पंचायतीच्या खोलीतल्या राऊटरपासून मंडपापर्यंत लांबच लांब वायर आणली होती. मंडपात वायरी जोडायचा एक छोटा डबा ठेवला होता, त्यातून लॅपटॉपला जोड. सकाळी दहा वेळा तपासलं. दहाही वेळा सर दिसले आणि दहाही वेळा त्यांनी मला "कॅमेरा सरळ धर" म्हणून झापलं. आणि आता ऐन सामन्यात हे!

"नेट गेलं का?" तबस्सुमनं विचारलं. ती पळती करणाऱ्यांच्या शेवटच्या तुकडीत होती, त्यामुळे तिचा नंबर यायला वेळ होता.

"कुठं गेलंय?" कोणीतरी मोबाईल वर करून म्हणालं. "वायफायच्या काड्या तर फुल्ल दिसायल्यात!"

खरंच फुल्ल होत्या. इतक्या फुल्ल काड्या आमच्या गावानं कधी पाहिल्या नव्हत्या. मला तिथेच शंका यायला हवी होती, पण मैदानावर समोरच्या संघानं आमची पहिली तुकडी झटक्यात बाद केली होती आणि लोक कळवळून ओरडत होते. मी मोबाईलचं नेट लावून पाहिलं. एवढी गर्दी जमलेली, टॉवर पार दमून गेलेला. साधा फोन कसाबसा लागत होता, व्हिडिओचं नावच नको.

मैदानातून शिवकन्येनं टीव्हीकडे बघितलं. तिथे गोल फिरताना दिसला आणि ती क्षणभर जागेवरच थबकली. त्या क्षणात मागून आलेल्या मुलीनं तिला बाद केलं.

"आई शप्पथ!" मी स्वतःलाच म्हणाले. डोकं मजेत आल्यासारखं भराभर चालायला लागलं. आता एकेक पायरी तपासायची. आधी लॅपटॉपवरून राऊटरला हाक मारली. उत्तर आलं, तेही चटकन. मग बाहेरच्या जगाला हाक मारली. चिडीचूप. म्हणजे दारापर्यंत वाट होती आणि दाराबाहेर भिंत. पंचायतीच्या खोलीत पळत गेले. तिथल्या राऊटरचे दिवे एकदम छान लुकलुकत होते, बाहेरची लाईन चालू होती. तशीच धापा टाकत परत आले.

दोन्ही टोकं शाबूत आणि मधलं माणूस बेपत्ता, असा प्रकार होता.

लॅपटॉपवर राऊटरचा पत्ता टाकून मी त्याचं पान उघडलं. पंचायतीच्या राऊटरचं पान निळं, वर मी स्वतः लिहिलेलं गावाचं नाव. उघडलं ते लालभडक पान. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: पांडुरंग किराणा.

मी डोळे चोळले. परत पान उघडलं. आता पान हिरवं, आणि नाव ठोंबरे निवास.

"ठोंबऱ्यांचा राऊटर इथं कसा काय बोलतोय?" मी मोठ्यानं म्हणाले.

"बोलणारच की!" इस्माईलचाचा अभिमानानं पुढे आले. मंडप, दिवे आणि भोंगे यांचं गावातलं सगळं काम त्यांच्याकडे, शिवाय तबस्सुम त्यांचीच लेक. "सामना सुरू झाला आणि बटण दाबलं बघ मी. सगळ्यांचे एकदम चालू केले."

"कोणते सगळ्यांचे, चाचा?"

चाचांनी मंडपाच्या कोपऱ्यातल्या टेबलावरची चादर बाजूला केली.

मी आयुष्यात पुष्कळ राऊटर पाहिले, पण असं दृश्य पुन्हा पाहिलं नाही. दहा-बारा राऊटर ओळीनं मांडलेले. काळे, पांढरे, दोन शिंगांचे, चार शिंगांचे. प्रत्येकाला हळदीकुंकू लावलेलं. प्रत्येकाच्या पाठीवर नेलपॉलिशनं नाव लिहिलेलं. आणि लग्नाच्या लायटिंगची माळ जोडावी तसे सगळे एकमेकांना वायरींनी जोडून शेवटची वायर माझ्या डब्याच्या रिकाम्या भोकात खुपसलेली.

मग सगळा उलगडा झाला. आमच्याकडे गावजेवण असलं की प्रत्येक घरातून भांडी येतात. कोणाची परात, कोणाचं पातेलं, कोणाच्या वाट्या. वर नावं घातलेली असतात, कार्य झालं की ज्याची त्याला परत. आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर चर्चा झाली, की सरांसाठी नेट कमी पडायला नको, एका राऊटरनं एवढ्या गावाचं काय भागणार? गोदाक्कांनी ठराव मांडला आणि सकाळपासून चाचांकडे घरोघरचे राऊटर जमा झाले. मला मुद्दाम सांगितलं नाही, कारण पोरीला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो बसला.

"चाचा, हे सगळं काढा. आत्ताच्या आत्ता!"

"काढू?" चाचांचा चेहरा पडला. "अगं बेटी, एकात नेट येतंय तर बारांत बारापट येईल की!"

"माझा का काढायचा?" पांडुरंग किराणावाले पुढे सरसावले. "कालच आणलाय नवाकोरा. काढायचा तर ठोंबऱ्यांचा काढा, जुनाट हाय."

"जुनाट कुणाचा?" ठोंबरे मागून गरजले.

गोदाक्कांचं वेगळंच होतं. त्यांनी स्वतःचा राऊटर उचलून पोटाशी धरला. "माझ्या लेकानं पुण्याहून धाडलाय ह्यो. टपरी बंद ठेवून सकाळी पुसून आणलाय सरांसाठी. सगळ्यांचा राहू दे न्हाईतर सगळ्यांचा निघू दे. एकटीचा निघाला तर मी इथून हालत न्हाई."

मैदानावर पाळी बदलली होती. आता आमच्या पोरी पाठलाग करत होत्या, पण कसल्या? आठ जणी चौकोनांत बसल्या होत्या आणि प्रत्येकीची मान मंडपाकडे. शिवकन्या पळत होती आणि कोणाला खो द्यावा तेच तिला कळत नव्हतं. समोरची उंच मुलगी तिला हूल देऊन हसत निघून जात होती.

मला रडू येत होतं आणि त्याच वेळी हसूही आवरत नव्हतं. या लोकांना मी कोणत्या भाषेत सांगू? मग लक्षात आलं, समोरच तर मैदान होतं.

"गोदाक्का, तिकडं बघा!" मी खुर्चीवर चढून ओरडले. "शिवकन्या समोरच्या पोरीमागं एकटी मैदानभर पळते का?"

"न्हाई. खो देती की."

"कोणाला?"

"जी योग्य जागी बसलीय तिला."

"तसंच राऊटरचं असतं! त्याला सोलापूर कुठं आहे ते माहीत नसतं. आपल्यापुढं कोण बसलंय एवढंच माहीत असतं. सरांकडं निघालेलं चित्र पंचायतीचा राऊटर तालुक्याच्या राऊटरला देतो, तो पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. खो, खो, खो, असं करत ते सरांच्या पलंगापाशी पोचतं. कळलं?"

"कळलं," चाचा म्हणाले. "मग आमचे राऊटर बी देतील की खो."

"कुणाला देतील? यांच्या बाहेर जायच्या वायरी तर तुमच्या घरीच राहिल्यात! त्यात कारखान्यातून येतानाच या सगळ्यांचा आणि पंचायतीच्या राऊटरचा पत्ता एकच असतो. लॅपटॉप विचारतो, बाहेर जायचं दार कुठाय? सगळे बारा एकदम ओरडतात, मी दार, मी दार! तो बिचारा पांडुरंग किराणाच्या दारात जातो आणि तिथं भिंत. आता मला सांगा, खो एकीला दिला आणि चौकोनांतल्या साऱ्या जणी एकदम उठल्या, तर पंच काय म्हणतील?"

"फाऊल!" अख्खा मंडप ओरडला. खो-खोचं गाव ते, तिथे शेंबडं पोरगंही फाऊल ओळखतं.

पुढचं सगळं इतक्या वेगानं झालं की मलाच लोकांना थांबवावं लागलं. पांडुरंग किराणावाल्यांनी स्वतःचा राऊटर हिसकून काढला, ठोंबऱ्यांनी त्यांच्या आधी काढायचा म्हणून धक्काबुक्की केली, आणि "फाऊल, फाऊल!" करत लोकांनी टेबल रिकामं केलं. एकानं तर जोशात माझ्या डब्यालाही हात घातला. त्याच्या हातावर गोदाक्कांनी फटका दिला. मी लॅपटॉपची वायर काढून परत खोचली, पान उघडलं. निळं! गावाचं नाव! बाहेर हाक मारली आणि उत्तर आलं.

आनंदानं मी चाचांना मिठीच मारली.

टीव्हीवर सर उगवले तेव्हा पहिला डाव संपून मध्यंतर झालं होतं. आम्ही चांगलेच मागे होतो. पोरी टीव्हीपुढे गोळा झाल्या. शिवकन्येच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सर, सांगा आता, काय करू?"

सरांच्या पत्नीनं मोबाईल हातात धरलेला होता, त्यामुळे सर जरा हलत होते. "मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "मी अर्धा तास एका फिरत्या गोलाकडं बघायलोय. मी काय सांगणार? मैदानात तुम्ही होतात. तुम्ही सांगा मला."

पोरींना सरांनी असं कधी विचारलंच नव्हतं. सर बहुधा पहिल्यांदाच ओरडत नव्हते, म्हणून त्या जास्तच घाबरल्या.

"ती उंच पोरगी हाय ना सर," शिवकन्या चाचरत म्हणाली, "ती हूल देती. सापडतच न्हाई."

"कशी देती हूल?"

"ते मला न्हाई दिसत. मी मागं असते."

"मला दिसतं," तबस्सुम म्हणाली. "हूल द्यायच्या आधी ती खांद्यावरून एकदा मागं बघते. प्रत्येक वेळी."

"मग?" सर म्हणाले.

"मग तिनं मागं बघितलं की तेव्हाच खो द्यायचा," शिवकन्या म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

खांबाजवळ बसणारी मुक्ता आमच्यातली सगळ्यांत अबोल. तिनं हळूच बोट वर केलं. "सर, खांबापाशी तिला डावीकडं वळता येत न्हाई. डावा पाय जपते ती. मी जवळून बघितलं."

"मग?"

आता सरांना कोणी उत्तर दिलंच नाही. पोरी एकमेकींशीच बोलायला लागल्या. तिला खांबाकडं हाकायचं, मधल्या जागेवर चपळ कोण बसवायची, मुक्तेनं शेवटी झेप घ्यायची. एकीला एक तुकडा माहीत, दुसरीला दुसरा. पूर्ण वाट कोणालाच माहीत नव्हती, आणि तरी वाट तयार होत गेली. मी बाजूला उभी राहून बघत होते. पंचांनी शिट्टी मारली तेव्हा पोरी धावतच मैदानात गेल्या.

दुसऱ्या डावात आधी आमची पळती होती. काय पळाल्या पोरी! तबस्सुम तर समोरच्यांना शेवटपर्यंत सापडलीच नाही. चाचा "या अल्ला, या पांडुरंगा" असा दोन्हीकडे धावा करत होते. सर टीव्हीवरून ओरडायला लागले होते, "शाब्बास! डावीकडं! अगं डावीकडं!" मंडप त्यांच्या सुरात सूर मिसळत होता. मला वाटत होतं, आज माझ्याएवढं सुखी गावात कोणी नाही.

मग शेवटचा पाठलाग सुरू झाला. पिछाडी भरून काढायची आणि वर एक गुण घ्यायचा. पहिल्या तुकडीतल्या तिघी पटापट बाद झाल्या. मग उंच मुलगी मैदानात आली. तिनं मागं बघितलं. शिवकन्या आता खो देणार, तेवढ्यात टीव्ही काळा झाला.

"कॉल संपला," एवढंच खाली लिहून आलं.

"चाचा! कोणी काय जोडलं?"

"तुझ्या गळ्याशपथ, कुणीच न्हाई!"

मी पान उघडलं. निळं. बाहेर हाक मारली. उत्तरं धडाधड यायला लागली. वाट उघडी होती, दार उघडं होतं, आणि सर मात्र नव्हते. पुन्हा कॉल लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. मी बटणांवर बटणं दाबत होते. दोन दिवसांपूर्वी शिवकन्येला दिलेला शब्द होता माझा.

मान वर केली तर शिवकन्या टीव्हीकडेच बघत होती. काळा पडदा तिला दिसला. आता ही खचणार, असं मला वाटलं.

तिनं तोंड फिरवलं. "खो!" असा आवाज दिला की मंडपाच्या कनाती हलल्या असतील. पुढची उठली, तिनं पुढचीला दिला, तिनं त्या पुढचीला. एकदाही कोणी मंडपाकडे बघितलं नाही. उंच मुलगी हाकलत हाकलत खांबापाशी नेली. तिनं खांद्यावरून मागं बघितलं, उजवीकडे जागा नव्हती, डावीकडे वळताना पाय अडखळला, आणि आमच्या अबोल मुक्तेनं खांबाला एक हात धरून अशी झेप टाकली की ती मातीत घसरत गेली आणि तिची बोटं त्या मुलीच्या टाचेला लागली.

बरोबरी झाली. घड्याळात काही क्षण उरले होते. खो, खो, खो! शेवटची शिट्टी वाजायच्या आत शिवकन्येनं आणखी एकीच्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. मैदान माणसांनी भरून गेलं. गोदाक्का किटलीवर पळीनं ताल धरून नाचत होत्या. पांडुरंग किराणावाले आणि ठोंबरे एकमेकांच्या गळ्यात पडले होते. मी मात्र लॅपटॉपपुढे बसून अजूनही सरांना शोधत होते. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला.

"किती झाले?" सरांचा आवाज.

"सर, जिंकलो! एका गुणानं! सर, पण तुम्हाला शेवट दिसलाच नाही. माफ करा सर, नेट कुठं तुटलं मला कळलंच नाही, सगळं नीट होतं—"

"नेटला काय धाड भरलीय? लाल बटण मीच दाबलं."

भोवती एवढा गलका चालला होता, पण मला काहीच ऐकू येईना.

"का, सर?"

"माझं ओरडणं सुरू झालं आणि पोरी पुन्हा माझ्याकडं बघायला लागल्या, महानंदे. मध्यंतरात स्वतः बोलत होत्या, ते विसरायला लागल्या. मला माझं तोंड बंद ठेवता येत न्हाई, तुला म्हायती हाय. म्हणून बटण दाबलं."

पलीकडून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. "अगं, फोन उशीखाली दडपून भिंतीकडं तोंड करून पडले होते. तुझी घंटी वाजत होती आणि हे दोन्ही कान दाबून खो, खो पुटपुटत होते. मी फोन घ्यायला गेले तर माझा हात धरला."

मला हुंदकाच आला.

"रडतीस काय?" सर म्हणाले, आणि त्यांचाच आवाज चिरकला. "लाव आता परत ते व्हिडिओचं. मला माझ्या पोरी बघायच्यात."

मी कॉल लावला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.